सहाची गाडी

ठाण्यात कुणी ‘सहाची गाडी’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आगगाडीच येणार. त्यात त्याचा काही दोष नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली देशातली पहिली उतारूंची आगगाडी ठाण्यालाच येऊन थांबली, आणि तेव्हापासून हे गाव घड्याळापेक्षा गाडीवरच अधिक विश्वासत आले आहे. परंतु टेंभीनाक्याच्या आसपास ज्यांचे दिवस गेले, त्यांच्या लेखी सहाची गाडी एकच. ती रुळांवरून धावत नसे आणि तिला तिकीटही लागत नसे.

सकाळचे सहा वाजले, की डॉक्टरांच्या घराशेजारच्या लाकडी दारामागे आधी एक खोकल्यासारखा आवाज होई, मग घसा साफ केल्यासारखा दुसरा, आणि मग एक संथ गुरगुर सुरू होई. दार उघडे. फिकट आकाशी रंगाची एक फियाट बाहेर येई, जांभळीनाक्यावरून मासुंदा तलावाला एक फेरी घाली आणि वीस मिनिटांनी परत दाराआड जाई. पाऊस असो, थंडी असो, दिवाळीची पहाट असो, या क्रमात खंड नाही. पुढे डॉक्टरांनी वयोमानाने दवाखाना बंद केला, तरी सहाची गाडी बंद झाली नाही. “लोक कुत्र्याला फिरायला नेतात, डॉक्टर गाडीला नेतात,” असे नाक्यावरचे लोक म्हणत. दूधवाले तिच्यावर घड्याळ लावत. आमच्या चरईतल्या खोलीत मात्र तो आवाज आला, की आई उठून खिडकी लावून घेई. कारण ती सांगत नसे आणि मीही विचारत नसे, कारण ते मला ठाऊक होते.

गाडी १९७२ सालची. फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात ती जुळली, तो वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा. तिथे आधी डॉज, प्लिमथ अशा ऐसपैस अमेरिकन गाड्या जुळवल्या जात. त्यांच्या मागून इटलीची ही आटोपशीर फियाट आली. पुढे हिचेच नाव बदलून ‘पद्मिनी’ झाले आणि काळा-पिवळा रंग अंगावर घेऊन तिने अवघी मुंबई वाहिली. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला आयुष्य वीस वर्षांचे, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी रस्त्यावरून उठली. डॉक्टरांची गाडी घरची असल्यामुळे या नियमातून वाचली. दवाखाना थाटला तेव्हा, १९६६ साली, त्यांनी तिच्यासाठी नाव नोंदवले होते. गाडी हाती आली सहा वर्षांनी. “लग्नाला मुलगी तीन महिन्यांत मिळाली,” ते म्हणत, “फियाटला सहा वर्षं लागली.”

ती गाडी विकायची आहे, असे गेल्या वर्षी भाद्रपदात कानावर आले. डॉक्टरांचे घर नव्या इमारतीसाठी पाडले जाणार होते आणि ते स्वतः मुलीकडे डोंबिवलीला जाणार होते. तिथे माणसाला जागा होती, गाडीला नव्हती. घाईचे आणखी एक कारण होते. टेंभीनाक्याचा नवरात्रोत्सव १९७८ सालापासूनचा. देवी कळव्याहून मिरवणुकीने येते, मंडप उभा राहतो, आणि मग नाक्यावरच्या गल्लीतून हातगाडीसुद्धा निघत नाही. घटस्थापनेच्या आधी फियाट बाहेर पडली तर पडली.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, म्हणजे आजच्या भाषेत दहावी. वर चित्रकलेची पदविका. चार कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत आणि त्या चौघींच्या मानधनात मिळून या गाडीचे एक चाक येईल, तेही हवा न भरलेले. पण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे वर्ग घेऊन मी एक लाख दहा हजार रुपये बाजूला टाकले होते. ते होते स्वयंपाकघराच्या गळक्या छतासाठी.

“छतातून पाणी पातेल्यात पडतंय,” पत्नी म्हणाली, “आणि तुम्ही अंगणात मोटार आणून उभी करणार!”

“कादंबरीसाठी हवी आहे,” मी म्हणालो. लेखकाला हे एक बरे असते. कोणताही वेडेपणा कादंबरीच्या खात्यावर मांडता येतो. या वेळी मात्र ते खोटे होते.

गाडीला गिऱ्हाइके माझ्याआधीच येऊन गेली होती. मुंबईचा एक व्यापारी अडीच लाख द्यायला तयार होता. तो तिचा जुना रंग खरवडून लालभडक रंग देणार, नवी गादी बसवणार आणि लग्नाच्या वरातीला भाड्याने लावणार होता. डॉक्टरांनी त्याला चहा पाजला आणि निरोप दिला. मला त्यांनी तीन प्रश्न विचारले.

“रंग काढणार का?”

“ठरवलेलं नाही.”

“रोज चालवणार का?”

“शाळेत घेऊन जाईन म्हणतो.”

“सकाळी किती वाजता उठता?”

गाडी विकत घेणाऱ्याला झोपेविषयी विचारणारा मालक मी पहिल्यांदाच पाहत होतो. “साडेपाचला,” मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. गाडीवरचे कापड मात्र त्यांनी पुरते बाजूला केले.

मी एका गॅरेजवाल्या मित्राला बरोबर नेले होते. त्याने खाली वाकून, ठोकून, खरवडून सगळी पाहणी केली. १०८९ सी.सी.चे इंजिन अजून ठणठणीत. ब्रेक आणि तारा बदलायला हव्यात. चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजलेला. डाव्या मडगार्डला पोचा, मागच्या सीटवर न निघणारा डाग, दाराच्या कडेला हात लागून लागून रंग उडून उघडा पडलेला पत्रा. “मास्तर, दोन महिने द्या,” मित्र म्हणाला, “ओळखू येणार नाही अशी करून देतो.”

तो हे आश्वासन म्हणून बोलला होता. मला मात्र ते लागले. पोरांची चित्रे तपासताना आम्ही मास्तर लोक कधी कधी हेच पाप करतो. पोराने काढलेली वाकडी गाय खोडरबराने पुसतो आणि आपली सरळ गाय काढून देतो. चित्र देखणे होते. पोर त्याला हात लावत नाही. ते आता त्याचे राहिलेले नसते.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत मोटारींच्या धंद्यात आहे. त्याला फोनवर ही हकीकत सांगितली, तर तो जवळजवळ ओरडलाच, “सर, रंगाला हात लावू नका!” मग त्याने एक गोष्ट सांगितली. तिकडे १९६० च्या दशकात थोराड इंजिनांच्या गाड्या निघाल्या. त्यांना ते लोक ‘मसल कार’ म्हणतात. ‘बुलिट’ या १९६८ सालच्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने अशीच एक हिरवी मस्टँग पळवली होती. ती गाडी १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका गृहस्थाने सहा हजार डॉलरना घेतली. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, पण गृहस्थाने दिली नाही. त्याची बायको शाळेत शिक्षिका होती. ती त्या गाडीतून शाळेत जाई. पुढे गाडी वर्षानुवर्षे बंद पडून राहिली, पण कुणी तिला नवा साज चढवला नाही. जानेवारी २०२० मध्ये, आहे त्या जुन्या रंगानिशी, तिची बोली चौतीस लाख डॉलरवर थांबली.

चौतीस लाखांचे मला अप्रूप वाटले नाही. ते आकडे आपल्या कामाचे नव्हेत. आवडली ती गाडीतून शाळेत जाणारी बाई. एखादी वस्तू जपायची म्हणजे काचेच्या कपाटात ठेवायची नव्हे, हे तिला कुणी न सांगता कळले होते.

आता जे आजवर लिहिले नाही, ते लिहितो.

१९८९ चा जुलै. आम्ही कळव्याला एका चाळीत राहत होतो. मी नऊ वर्षांचा. रात्री बाबांच्या छातीत कळ आली. काका सायकलवरून पावसात खाडीचा पूल ओलांडून टेंभीनाक्याला गेला आणि डॉक्टर त्याला गाडीत घालून तसेच आले. त्यांनी बाबांना तपासले, इंजेक्शन दिले आणि म्हणाले, “सिव्हिलला न्यायला हवं, आत्ता.” चौघांनी बाबांना उचलून मागच्या सीटवर निजवले. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. खट् असा आवाज झाला आणि पुढे काही नाही. पावसात दिवे आणि वायपर लावून गाडी हळूहळू आली होती. तेवढ्यात बॅटरी उतरली होती.

चाळीसमोर चिखल होता. मुख्य रस्त्यापर्यंत चढ होता. सगळे गाडी ढकलू लागले. मीही मागे हात लावला. पत्रा थंडगार होता आणि हात सारखे निसटत होते. एवढ्यात डॉक्टर खिडकीतून माझ्यावर ओरडले, “तू बाजूला हो! बाजूला हो आधी!” मी बाजूला झालो. रस्त्यावर पोहोचल्यावर कधीतरी इंजिन धडधडले आणि गाडी गेली. बाबा वाटेतच गेले. मग आम्ही मामाच्या आधाराने चरईत राहायला आलो. आई पापड लाटू लागली आणि मी दहावीनंतर लवकर कमावता होईन असे शिक्षण पाहू लागलो.

त्या रात्रीबद्दल आईच्या मनात गाडी राहिली. माझ्या मनात ती हाक राहिली. मी दुबळा होतो, माझा काही उपयोग नव्हता, म्हणून मला बाजूला केले. मी जोर लावला असता तर गाडी लवकर निघाली असती. हे नऊ वर्षांच्या पोराचे गणित. वय वाढले, पण गणित सुटले नाही. ती गाडी मला हवी होती, पण ती जपण्यासाठी की भंगारात घालण्यासाठी, हे माझे मलाही नीट ठाऊक नव्हते.

पैसे घेऊन गेलो त्या दिवशी डॉक्टरांच्या घरात खोकी बांधून ठेवली होती. टेबलावर मात्र वह्यांची एक चळत मोकळी होती. पेट्रोल किती, मैल किती, कुठे जाणे झाले, सगळे बावन्न वर्षांचे टिपण.

“या वह्या गाडीबरोबरच जातील,” डॉक्टर म्हणाले. “पैसे मग द्या. आधी १९८९ ची वही बघा. जुलै.”

मी त्यांच्याकडे पाहिले.

“आडनाव सांगितलंत तेव्हाच ओळखलं मी. बघा.”

निळ्या शाईतले बारीक अक्षर: ‘रात्री ११.५०. कळवा. हृदयविकार, वय ४१. बॅटरी उतरलेली. गाडी सुरू होण्यास २० मिनिटे. रुग्ण वाटेत गेला.’ आणि त्याखाली दुसऱ्या दिवसाची ओळ: ‘नवी बॅटरी. डायनॅमो तपासला. यापुढे रोज सकाळी ६ ला, २० मिनिटे.’

पुढची पाने मी उलटली नाहीत. पस्तीस वर्षे त्या ओळीचा आवाज आमच्या खिडकीशी येत होता आणि आई खिडकी लावत होती.

“वीस मिनिटांनी काही झालं नसतं, असं त्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं,” ते म्हणाले. “पुस्तकंही तसंच म्हणतात. पण पुस्तकाला गाडी ढकलावी लागली नव्हती.”

“ढकलणाऱ्यांत मीही होतो,” मी म्हणालो.

“ठाऊक आहे. अनवाणी होतात. गाडी चिखलात मागं घसरत होती आणि तुमचा पाय टायरच्या तोंडाशी होता. मी ओरडलो तुमच्यावर. एवढ्याशा पोरावर ओरडायला नको होतं.”

मला काही बोलता येईना. बाहेर मंडपाचे वासे उतरवल्याचा आवाज चालला होता. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि आपण चष्मा पुसत बसले.

पैसे त्यांनी घेतले. फुकट दिली असती तर तुम्ही तिची पूजा कराल, वापरणार नाही, असे म्हणाले. पण एक लाख दहातले वीस हजार त्यांनी परत मोजून दिले. “छताचं बोलला होतात ना? गळतं घर ठेवून मोटारीत बसू नये.”

दोन दिवसांनी त्यांना गाडीतूनच डोंबिवलीला पोहोचवले. चालवत मी होतो. ते डाव्या बाजूला. चोक अर्धाच ओढायचा, तिसऱ्या गिअरला घाई करायची नाही, हे दार दोनदा लावायचे, अशी तिची एकेक खोड ते सांगत होते. सून घरात आल्यावर सासूने घरची रीत सांगावी तसे. डाव्या मडगार्डचा पोचा त्यांच्या पत्नीने १९८१ साली गाडी शिकताना स्वतःच्याच फाटकावर दिला होता. त्या जाऊन अकरा वर्षे झाली. मागच्या सीटवरचा डाग कुणाच्या तरी बाळंतपणाचा होता. “मुलगी झाली,” ते म्हणाले, “बाळकूमच्या वाटेवर.”

रस्ता कळव्यावरूनच जातो. आमची चाळ आता नाही, तिथे सात मजली इमारत आहे. चढ मात्र तसाच आहे. गाडी त्या चढाशी आली तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “इथंच ना?”

“हो. थांबू का?”

“नको. चालू द्या.”

मुंब्रा, शीळफाटा करीत आम्ही डोंबिवलीला पोहोचलो. उतरण्यापूर्वी त्यांनी शेवटची वही मांडीवर घेतली आणि मैलांचा आकडा पाहून ओळ लिहिली: ‘डोंबिवली. चालक: मास्तर. गाडी कुठे अडली नाही.’ आणि वही माझ्या हाती दिली.

मी गाडीचे ब्रेक बदलले, तारा बदलल्या, गंजलेला पत्रा काढून नवा जोडला. ती दुरुस्ती. रंग, पोचा, डाग यांना हात लावला नाही. ते तिचे टिपणच आहे आणि वह्यांइतकेच वाचण्याजोगे आहे. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ साली सरकारने वेगळी नोंदणी काढली आहे. नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरे मिळतात आणि मान मोठा असतो. पण ती गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून तो मान मी घेतला नाही. पाच-पाच वर्षांची साधी नोंदणीच बरी. मुलांना शाळेत रोज एक जुनी गाडी येताना दिसते. परवा एका पोराने तिचे चित्र काढले. मडगार्डचा पोचा सुद्धा त्याने विसरला नाही. त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

आईला मी सगळे सांगितले, वहीही वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. डाळ निवडत राहिली. दसऱ्याच्या दिवशी मी खाली गाडी धूत होतो. वर पाहतो तो आई जिना उतरत होती. हातात झेंडूचे तोरण आणि हळदकुंकवाची वाटी. तिने गाडीच्या तोंडाला कुंकू लावले, तोरण बांधले. मग मागच्या दाराशी गेली आणि काचेतून आत, सीटकडे, बराच वेळ पाहत राहिली. “फार लहान आहे रे गाडी,” एवढेच म्हणाली. “मला किती मोठी आठवत होती.” त्या दिवशी ती आत बसली नाही. दिवाळीत बसली. आम्ही फराळाचा डबा घेऊन डोंबिवलीला गेलो तेव्हा पुढच्या सीटवर तिच्या मांडीवर चकल्या होत्या, आणि खड्डा आला की ती चकल्या सांभाळी.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. छताचे काम झाले. रोज सहाला मी गाडी सुरू करतो आणि तलावाची फेरी घालतो. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी डोंबिवलीहून फोन येतो, “झाली का सुरू?” झाली म्हटले, की फोन खाली ठेवला जातो.

परवा रात्री लिहिता लिहिता उशीर झाला आणि सकाळी डोळा लागून राहिला. जाग आली ती आईच्या हाकेने. ती खिडकी उघडून उभी होती.

“ऊठ,” ती म्हणाली. “सहा वाजून गेले. गाडी नाही का काढायची?”